दामूभाऊंची मुकी गाडी

आमचे साडू दामूभाऊ गाडी चालवतात तेव्हा समोर डॅशबोर्डवर स्टीलचा एक पेला ठेवतात आणि त्यात काठोकाठ पाणी भरतात. प्यायला नाही. सांडतं का ते बघायला. पेल्याखाली रबराचा तुकडा असतो, शेजारी बसणाऱ्याच्या मांडीवर टॉवेल असतो, आणि शेजारी बसणारा बहुतेक वेळा मी असतो. उमेळ्याहून पापडीच्या बाजारापर्यंतचा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना माझ्या पँटची अवस्था वेगळी सांगायला नको.

पाणी सांडलं की दामूभाऊ गाडी बाजूला घेतात, पेला पुन्हा भरतात आणि म्हणतात, "पानी खोटं बोलत नाय, प्रकाश. मानूस बोलतो."

हेच मी केलं असतं तर आचोळ्यात आमच्या बिल्डिंगीतल्या लोकांनी माझ्या बायकोला बाजूला घेऊन "डॉक्टरांना दाखवलंत का?" असं विचारलं असतं. दामूभाऊंना मात्र सगळे 'हौशी' म्हणतात. वेडेपणाला हौस म्हणवून घ्यायचं तर आधी वाडी विकून बंगला बांधलेला असावा लागतो.

आता हे सरळच सांगून टाकतो, कारण पुढे ते लपणार नाही. मला दामूभाऊंचा हेवा वाटतो. भाऊ पुढे गेला तर आपलाच म्हणून सोडून देता येतं, शेजारी पुढे गेला तर त्याच्याकडे बघायचं बंद करता येतं. साडूचं तसं नसतं. दोघांनी एकाच घरातल्या मुली केलेल्या. सासुरवाडीच्या ओटीवर दोन पाट शेजारी मांडलेले, आणि कुठल्या पाटावरचा माणूस किती मोठा झाला हे बघायला सासुरवाडीचं सगळं केळवं गाव बसलेलं. त्यात ते थोरले जावई, मी धाकटा. सासूबाई आम्हा दोघांनाही 'राव' लावून, अहोजाहो करून बोलायच्या. तेवढी एक गोष्ट बरोबरीची होती.

दामूभाऊ मूळचे उमेळ्याचे, केळी नि फुलांची वाडी करणारे. बिल्डर आले, वाडीच्या इमारती झाल्या. मधोमध त्यांचा बैठा बंगला उरला. चारी बाजूंच्या गॅलऱ्यांतून लोक त्यांच्या अंगणात डोकावतात, आणि दामूभाऊ सकाळी दात घासताना प्रत्येक मजल्याकडे बघून हात हलवतात. मी नोकरदार, अंधेरीला एका औषधांच्या कंपनीत हिशेब खात्यात. आचोळ्याला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही, पाणी टँकरचं. हातही कुणाकडे बघून हलवावा असं काही नाही.

पैसा आला म्हणून नव्हे, पण दामूभाऊंची एक खोड आधीपासून होती. कुठलीही वस्तू घ्यायची तर ती इतरांपेक्षा महाग आणि इतरांना न कळणारी. साधा छताचा पंखा घेतला तो चढ्या भावाचा, कारण तो आवाज करत नाही. उन्हाळ्यात मी त्या पंख्याखाली झोपलो तेव्हा तो चालू आहे की नाही हे बघायला तीनदा उठलो. दाराची बिजागरं आणली ती न कुरकुरणारी. कुणी विचारलं, "भाऊ, जादा किती पडले?" की ते एकच वाक्य बोलत. "किती जादा दिले ते सगळे विचारतात. कशासाठी दिले ते कोन विचारत नाय."

मी तर मुळीच विचारलं नाही. किती दिले एवढं मात्र मी प्रत्येक वेळी काढून घेत असे, आणि घरी येऊन शुभाला सांगत असे. शुभा म्हणजे माझी बायको. ती म्हणायची, "भाऊजींना परवडतं." या दोन शब्दांनी जेवण कसं कडू होतं ते ज्यांना साडू आहेत त्यांनाच कळेल.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला मी पहिली गाडी घेतली. सेकंडहँड, पांढरी, छोटी. तिला गॅसचं किट बसवून घेतलं. पेट्रोलपेक्षा गॅस स्वस्त, दोन वर्षांत किट वसूल, असा हिशेब मी कागदावर मांडून शुभाला दाखवला होता. हिशेबात फक्त एक गोष्ट धरायची राहिली. आमच्या भागात तेव्हा गॅसचा पंपच नव्हता. गॅस भरायचा तर खाडी ओलांडून पलीकडे जायचं, रिक्षांच्या रांगेत उभं राहायचं, आणि परत यायचं. परत येईपर्यंत काटा निम्म्यावर आलेला असायचा. डिकीत सिलिंडर बसल्यामुळे सामान टपावर बांधावं लागे. आणि आवाज असा की मी नाक्यावर वळलो की शुभा वर चहा टाकायची. दामूभाऊ माझ्या गाडीला 'वरात' म्हणत. "आली का तुझी वरात?"

तरी ती माझी होती, आणि त्या वेळी दामूभाऊंकडे गाडी नव्हती. एक जुनी स्कूटर होती. म्हणजे आयुष्यात प्रथमच मी एका बाबतीत पुढे होतो. सात महिने. त्या सात महिन्यांत मी उमेळ्याला इतक्या वेळा गेलो की मंदाताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, माझ्या नोकरीचं काही बरंवाईट झालं की काय अशी शंका आली.

मग दामूभाऊ गाड्या बघायला लागले. पेला तिथूनच सुरू झाला. ते शोरूममध्ये जायचे, ट्रायल मागायचे, आणि पिशवीतून पेला नि पाण्याची बाटली काढायचे. चार ठिकाणच्या सेल्समनच्या पँटी त्यांनी भिजवल्या. एकाने म्हणे विचारलं, "काका, गाडी घ्यायचीय की नळ?" दामूभाऊ सगळ्या गाड्या नाकारत गेले. एक गिअर टाकताना हिसका देते, एक उभी असताना थरथरते, एकीचं इंजिन पोटात गडगडल्यासारखं वाजतं. मी मनातून खूश होतो. असा माणूस कधीच गाडी घेणार नाही, असं मला वाटलं.

त्यांनी हायब्रिड घेतली.

हा शब्द तेव्हा आमच्याकडे फक्त केळीच्या रोपांना लावत. विजेवर नि पेट्रोलवर, दोन्हींवर चालणारी परदेशी कंपनीची मोटार. तशीच दिसणारी पेट्रोलची गाडी घेतली असती तर पुष्कळ पैसे वाचले असते, आणि माझ्या वरातीसारख्या तर अर्धा डझन आल्या असत्या. गाडी उभी राहिली की तिचं इंजिन आपोआप बंद होतं आणि ब्रेक सोडला की आपोआप सुरू होतं. गिअर टाकायचेच नाहीत. पेल्यातलं पाणी हललं तर फक्त रस्त्यामुळे.

गाडीची पूजा झाली त्या दिवशी उमेळ्याला जेवण होतं. मी वांग्याची भाजी बाजूला सारली आणि कागद घेतला. दामूभाऊ रोज जेमतेम पापडीच्या बाजारापर्यंत जाणार. त्यात पेट्रोल वाचणार ते किती, आणि जादा दिलेले पैसे ते किती. भागाकार केला.

"भाऊ," मी म्हटलं, "या हिशेबाने तुमचे जादाचे पैसे तुमच्या नातवंडांच्या..."

शुभाने टेबलाखालून पाय मारला. दामूभाऊंना मूलबाळ नाही. मी घाईघाईने "म्हणजे फार वर्षांनी" म्हणालो आणि पाणी प्यायलो. दामूभाऊ हसले. म्हणाले, "कागद ठेव. भाजी खा. कशासाठी दिले ते अजून तू विचारलं नाय."

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं आणि ते योग्यही निघालं असतं, आणि तेवढं सहन करण्याची माझी तयारी नव्हती.

त्या गाडीने मला सुख एकदाच दिलं, पण भरपूर दिलं. रेल्वेच्या फाटकापाशी आम्ही थांबलो होतो. गाडी उभी राहिली आणि शिरस्त्याप्रमाणे गप्प झाली. मागे मिठाच्या गोण्या भरलेला टेंपो होता. त्यातले तिघे खाली उतरले, आमच्या मागे आले आणि बाह्या सारून उभे राहिले. एकाने काचेवर टकटक केली.

"भाऊ, धक्का मारू का?"

"बंद नाय पडली रे. थांबलीय."

"तेच बोलतो. नवी दिसते. बॅटरी गेली असेल."

"बॅटरी आहे म्हनूनच थांबलीय."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर दामूभाऊंविषयी जी कीव होती ती मी अजून आठवून आठवून चघळतो. फाटक उघडलं, दामूभाऊंनी ब्रेक सोडला, गाडी निघाली, आणि मागून आवाज आला, "बघ, हात लावल्याबरोबर चालू झाली." पेल्यातलं पाणी हललं नव्हतं. दामूभाऊंच्या मिशा मात्र पहिल्यांदाच हललेल्या दिसल्या.

आता सासूबाईंकडे येतो, कारण खरा प्रश्न त्यांचा होता.

सासूबाई केळव्याला एकट्याच राहायच्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझे ते सात महिने संपत आले होते तेव्हा, पावसाळ्याच्या सुरुवातीला, त्या अंगणात शेवाळावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पालघरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता एकटं राहायचं नाही, आणि प्रवासात हिसका बसता कामा नये. म्हणजे दोन मुलींपैकी एकीकडे राहायला जायचं. कुणाकडे, हे त्या बऱ्या झाल्यावर त्यांनीच ठरवायचं होतं. तोपर्यंत दोघी बहिणी आळीपाळीने केळव्याला जाऊन राहिल्या.

खरं तर ठरवण्यासारखं काही नव्हतं. उमेळ्याला बैठं घर, अंगण, न कुरकुरणारी दारं, मुका पंखा आणि आता न हलणारी गाडी. आचोळ्याला दोन जिने. सगळ्या नात्यागोत्याने गृहीत धरलं होतं की त्या दामूभाऊंकडे जाणार. मंदाताईंनी पूर्वेकडची खोली तयार केली होती. दामूभाऊंनी स्वतः मापं घेऊन भिंतीला हाताच्या उंचीवर स्टीलचे दांडे बसवले होते, पलंगापासून मोरीपर्यंत. त्यासाठी सासूबाईंची उंची मला विचारायला त्यांनी अंधेरीला ऑफिसात फोन केला होता.

सासूबाईंना घरी आणायची मला तशी घाई नव्हती. आमच्याकडे दोन खोल्यांत मुलांसकट आम्ही चौघं. पण सगळंच दामूभाऊंना मिळणार, आणि त्यात सासूही मिळणार, हे काही मला पटत नव्हतं. बंगला त्यांचा, गाडी त्यांची, आता म्हातारीचा आशीर्वादही त्यांचा. मी शुभाला म्हटलं, "आईंना विचार तरी." शुभा म्हणाली, "विचारून काय करायचं? आपल्याकडे कमोड तरी आहे का?" मी त्याच आठवड्यात कमोड बसवून घेतला.

गणपती झाल्यावर त्यांना आणायचं ठरलं. सासूबाई दामूभाऊंच्या गाडीत पुढच्या सीटवर, पाठीला उशी. मागे मंदाताई आणि शुभा. मी वरात घेऊन त्यांच्या मागे, टपावर पेटी, गादी, पाटा-वरवंटा आणि वॉकर. तो दिवस जसा गेला तसा जाईल असं आमच्यापैकी कुणालाही वाटलं नव्हतं.

सासरे हयात असताना त्यांचा एक टेंपो होता. विड्याची पानं स्टेशनवर न्यायचा. तो टेंपो थांबला की बंद पडायचा, आणि बंद पडला की बायकांनी खाली उतरायचं, ही त्या घरातली शिस्त. ओझं कमी होतं आणि ढकलायला हात मिळतात. सासूबाईंनी सगळं आयुष्य तसं काढलेलं. बंद पडलेल्या गाडीत बाईमाणसाने बसून राहणं म्हणजे त्यांच्या लेखी लोकांच्या खांद्यावर बसून जाण्यासारखं.

पालघरच्या आधी फाटक लागलं. दामूभाऊंची गाडी थांबली, गप्प झाली. मी मागून बघतोय तर पुढचं डावं दार उघडलं आणि लुगड्यातला एक पाय बाहेर आला. दामूभाऊ धावत वळसा घालून आले, शुभा मागून उतरली. पाय आत गेला. फाटक उघडलं. मनोरच्या नाक्यावर पुन्हा तेच. टोलनाक्याला पुन्हा. तिथे तर त्या दाराला धरून चक्क उभ्या राहिल्या आणि टोलवाल्याला म्हणाल्या, "बाबा, जरा हात लाव."

मी उतरून जवळ गेलो. दामूभाऊ घामाघूम झाले होते.

"अहो, ती बंद नाय पडली. ती थांबते नि गप बसते. आपोआप चालू होते."

"मला सांगू नका, दामोदरराव. गाडीचा जीव गेलेला मला कळतो."

"हवं तर हात लावून बघा. वीज हाय आत."

"असेल. पन मला बसवत नाय. तुम्ही उतरा, ती ढकला, नि मी आत बसू?"

डॉक्टरांनी हिसका बसू देऊ नका म्हणून सांगितलेलं, आणि त्या दर थांब्याला मोडक्या खुब्यावर उभ्या राहत होत्या. पेल्यातलं पाणी तेवढं स्थिर होतं. त्यांनी मागे वळून माझ्या गाडीकडे पाहिलं. वरात उभ्या उभ्या थडथडत होती, टपावरचा वॉकर खडखडत होता.

"मी प्रकाशरावांच्या गाडीत बसते," त्या म्हणाल्या. "ती चालू हाय."

मला जो आनंद झाला तो मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही असं मला वाटतं. शुभा म्हणते, आला होता. आम्ही त्यांना उशीसकट माझ्या गाडीत बसवलं. पुढे महामार्गभर त्या गाढ झोपल्या. प्रत्येक खड्ड्यात मी डोळे मिटायचो, त्यांनी एकदाही उघडले नाहीत. जागं झाल्यावर विचारलं, "तुमचं घर आधी येतं ना? मग तिथंच उतरवा. पाठ टेकते जरा."

दोन जिने त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चढवलं. पुढचे पाय मी धरले, मागचे दामूभाऊंनी. जिन्यात सगळा भार मागच्यावर येतो. वर पोचल्यावर दामूभाऊंना बोलता येत नव्हतं. सासूबाईंनी पाठ टेकली ती टेकलीच. खिडकीतून रस्ता दिसतो, टँकरवाले भांडतात, समोरच्या गॅलरीतली बाई चौकशी करते, माणसांची जाग असते, हे त्यांना आवडलं. चार दिवसांनी त्या म्हणाल्या, "मी इथंच बरी हाय. एवढे जिने पुन्हा कोन उतरतो?"

म्हणजे मी जिंकलो. दोन जिन्यांच्या, टँकरच्या, खडखडणाऱ्या वरातीच्या जोरावर जिंकलो. जादा पैसे देऊन घेतलेल्या त्या गाडीने दामूभाऊंना हरवलं, याचा मला इतका आनंद होता की मी ऑफिसात पेढे वाटले. कारण विचारलं तेव्हा 'घरगुती' म्हणून सांगितलं.

त्यानंतर दामूभाऊ रोज संध्याकाळी यायला लागले. गाडीचा आवाज नाही, त्यामुळे ते आल्याचं कळायचंच नाही. दार उघडं असेल तर एकदम चौकटीत उभे दिसायचे. हातात काहीतरी असायचं, सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी, चाफ्याची फुलं, कधी पापडीच्या बाजारातल्या शेवग्याच्या शेंगा. सासूबाईंच्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसायचे, फार बोलायचे नाहीत. "जेवन झालं?" "औषध घेतलं?" एवढंच. मग टँकरची भांडणं बघायचे आणि जायचे. मला वाटलं, हरलेला माणूस पाहुणचाराला येतो ते असंच. मी त्यांना चहा देताना जरा जास्तच अगत्य दाखवायचो.

दिवाळीनंतरचा एक रविवार. सकाळी दामूभाऊ आले, पण आत गेले नाहीत. मला गॅलरीत घेऊन गेले. खाली दोन्ही गाड्या उभ्या होत्या, त्यांची चकचकीत आणि माझी.

"प्रकाश, गाडी बदलशील?"

"कुठली?"

"माझी तू घे. तुझी मला दे."

मला वाटलं थट्टा आहे. मी म्हटलं, "भाऊ, सकाळी सकाळी?"

"खरंच बोलतो. वर काय द्यायचं नाय, घ्यायचं नाय. कागद करून देतो."

त्या गाडीवरून माझी झोप उडाली होती. ती अशी फुकट, किल्लीसकट समोर आली. शेवटी इतक्या महिन्यांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "भाऊ, घेतलीत तरी कशासाठी?"

"हिच्यासाठीच." त्यांनी आत सासूबाईंच्या पलंगाकडे मान वळवली. "पालघरला डॉक्टर बोलला ना, हिसका बसता कामा नये. तवाच ठरवलं. पेला धरून धरून शोधली." त्यांनी खाली माझ्या गाडीकडे बोट केलं. "पन ती तर तुझ्याच गाडीत बसते. तुझी गाडी माझ्याकडं असली तर बसेल. एकदा बसली की चार दिवस येईल तरी घरी."

"पण भाऊ, एवढ्यासाठी एवढी गाडी..."

"माझी आई मी पाळन्यात होतो तवाच गेली. बाबा गेले, काकी गेली. आता घरात माझ्यापरीस मोठं कोनी नाय. मी बाहेर निघालो तर कुठं चाललास, म्हनून विचारनारं कोनी नाय, प्रकाश. मंदा विचारत नाय, तिला ठाऊक असतं. मला वाटलं ही येईल नि विचारेल." त्यांनी नाक पुसलं. "दांडे बसवलेत. रोज सकाळी मीच धरून चालून बघतो."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला. माणसाने इतकं मागून बसावं, तेही माझ्याच घरातलं, आणि त्यासाठी अशी गाडी सहज सोडायला निघावं. मी बसवला होता तो नुसता कमोड.

आत पलंग वाजला. खिडकी उघडीच होती. सासूबाईंनी सगळं ऐकलं असावं, कारण त्या भिंतीला धरून दारापर्यंत आल्या होत्या.

"गाडी-बिडी काय बदलायची नाय," त्या म्हणाल्या. "प्रकाशराव, खुर्ची काढा. मी जाते उमेळ्याला."

"आई, त्यांच्या गाडीत?" मी विचारलं.

"हो. पन तुझी गाडी गप बसली ना, दामू, की मला कळत नाय ती चालू हाय की गेली. तर तू मला हाक मारायची. एवढी वर्षं जावई झालास, मला कधी हाक मारली नायस. नुसता खाकरतोस. गाडी थांबली की 'आई' म्हन. म्हंजे मी बसून राहीन."

दामूभाऊ खाकरले.

मी खुर्ची काढली. या वेळी मागचे पाय मी धरले; उतरताना भार पुढच्यावर येतो, म्हणून पुढचे पाय दामूभाऊंनी मला धरू दिले नाहीत. खाली त्यांना गाडीत बसवलं, उशी लावली. शुभाने पिशवी दिली. मंदाताईंना फोन केला. सासूबाई मला म्हणाल्या, "येते हं प्रकाशराव. वरातीला जपा." मला राव, आणि त्यांना दामू. आमच्यात जी एक बरोबरीची गोष्ट होती तीही गेली.

मी वर येऊन गॅलरीत उभा राहिलो. गाडी आवाज न करता गल्लीतून निघाली आणि कोपऱ्यावर थांबली. समोर पाण्याचा टँकर आडवा लागला होता, ड्रायव्हर मागेपुढे करत होता. मी डाव्या दाराकडे बघत होतो. ते उघडलं नाही. मागच्या काचेतून दामूभाऊंचं डोकं दिसत होतं. ते डावीकडे वळलं, सरळ झालं, पुन्हा वळलं, पुन्हा सरळ झालं. दोन मजले वर काही ऐकू येणं शक्य नव्हतं. पण मला दामूभाऊंचा इतका हेवा त्याआधी कधी वाटला नव्हता.

टँकर बाजूला झाला. रस्ता मोकळा झाला, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला, तरी गाडी बराच वेळ हलली नाही.